ग्वाटेमालात राहून स्पॅनिश शिकले, जवळपास वर्षभरानंतरचा अनुभव

स्पॅनिश शिकायला बाहेर जायचं म्हटलं की आपल्याकडे सगळे स्पेनच सुचवतात. मी डिग्री आणि मास्टर्सच्या मधलं वर्ष मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालात काढलं, त्यातला बहुतेक काळ केत्साल्तेनांगो या शहरात, ज्याला तिथे सगळे शेला म्हणतात. पुण्यात ए-वनचा, म्हणजे अगदी पहिल्या पातळीचा, क्लास करून गेले होते, म्हणजे नाव गाव सांगता यायचं आणि हॉटेलात पाणी मागता यायचं. आता तासन्‌तास गप्पा मारते, पेपर वाचते, आणि पुढच्या वर्षी डेले या स्पॅनिशच्या परीक्षेची बी-टू पातळी द्यायची आहे. बरेच जण विचारतात म्हणून सविस्तर लिहितेय.

ग्वाटेमालाच का, तर तिथली शिकवायची पद्धत. एक टीचर आणि एक विद्यार्थी, रोज चार-पाच तास, आठवड्यातून पाच दिवस, आणि राहायला एखाद्या कुटुंबाच्या घरी, तिन्ही वेळचं जेवण धरून (रविवारी बऱ्याच घरी जेवण नसतं, ते आधीच विचारून घ्या). स्पेनमध्ये ग्रुप क्लासला जेवढे पैसे जातात त्यापेक्षा बऱ्याच कमीत हे सगळं होतं. ग्रुपमध्ये आपली बोलायची पाळी येईपर्यंत पंधरा मिनिटं जातात, इथे लपायला जागाच नाही, तुम्ही गप्प बसलात तर क्लासच गप्प. पहिले काही आठवडे दुपारी डोकं इतकं जड व्हायचं की जेवून सरळ झोपायचे, पण मग हळूहळू ते कमी होतं.

सुरुवातीला मी आंतिग्वात होते. गाव फार देखणं आहे, जुनी राजधानी, 1773 च्या भूकंपात पडलेली चर्चेस अजून तशीच उभी आहेत, 1979 पासून युनेस्कोच्या यादीत आहे, शाळाही ढिगाने आहेत. पण कॅफेत तुम्ही स्पॅनिशमध्ये ऑर्डर दिली तरी उत्तर इंग्रजीत येतं. मी ज्या घरी होते तिथे अजून तीन परदेशी विद्यार्थी होते आणि रात्रीच्या जेवणाला सगळे इंग्रजीत बोलायचे, घरातल्या काकू वाढून आत निघून जायच्या. सकाळी पाच तास शिकायचं आणि उरलेला दिवस इंग्रजीत काढायचा, मग पुण्यात राहून ऑनलाइन क्लास केला असता तरी फार फरक पडला नसता. हे मला अगदी मनापासून सांगायचंय, देश बदलला म्हणजे इमर्शन, म्हणजे दिवसभर त्याच भाषेत राहणं, झालं असं अजिबात नाही, इंग्रजी जिथे चालतच नाही असं गाव आणि असं घर मुद्दाम शोधावं लागतं.

शेला तसं आहे. 2330 मीटरवर, देशातलं मोठं शहर, युनिव्हर्सिटी आहे, बाजार आहे, लोक आपापल्या कामात असतात, टुरिस्ट आहेत पण शहर त्यांच्यावर चालत नाही. शाळेला ईमेल करतानाच लिहिलं की ज्या घरात दुसरा विद्यार्थी नसेल असंच घर द्या, आणि तसं मिळालं. नाही मिळालं तर पहिल्याच आठवड्यात बदलून मागा, शाळांना याची सवय असते, कोणी वाईट वाटून घेत नाही. एक गोष्ट मात्र गरम कपड्यांची, डिसेंबर-जानेवारीत रात्री जवळजवळ शून्यापर्यंत जातं आणि घरात हीटर वगैरे नसतो, आपण मध्य अमेरिका म्हणजे उकाडा समजून जातो तसं तिथे नाही.

जेवणाचं सांगते कारण शाकाहारी लोक हेच आधी विचारतात. मक्याच्या तोर्तिया, काळ्या घेवड्याच्या बियांचे फ्रिहोलेस, अंडी, तळलेली केळी, भात, चायोते नावाच्या फळभाजीची भाजी, उपाशी राहायची वेळ येत नाही. पण नुसतं ‘कार्ने (मांस) नको’ म्हटलं की लोक बीफ नको एवढंच समजतात, कोंबडी आणि मासेही नको हे वेगळं सांगा. फ्रिहोलेसमध्ये डुकराची चरबी आणि भातात चिकनची पावडर असू शकते तेही विचारा. शेलामध्ये गुरुवारी पाचेस करतात, बटाट्याचं वाटण पानात गुंडाळून वाफवलेलं, आत मांस असतं. माझ्या घरच्या सेन्योरा माझ्यासाठी दोन-तीन बिनमांसाचे करून त्यांना वेगळा दोरा बांधायच्या. गुरुवारी दुपारपासून आम्ही स्वयंपाकघरात, त्यांची बहीण, शेजारीण, सगळ्या एकदम बोलायच्या, कोणाच्या मुलीचं लग्न मोडलं, कोणाचा मुलगा अमेरिकेत गेला आणि त्याने पैसे पाठवले का, आणि पानं पुसता पुसता मी ऐकायचे. माझं ऐकणं सुधारलं ते तिथे. वर्गातली टीचर तुमच्यासाठी सावकाश बोलते, स्वयंपाकघरात कोणी थांबत नाही.

ग्रामरबद्दल मराठी लोकांसाठी खास. सगळी पुस्तकं इंग्रजीतून समजावतात आणि आपण उगाच अडकतो, मधून इंग्रजी काढून टाका. ‘मला कॉफी आवडते’ यात क्रियापद कॉफीप्रमाणे चालतं, स्पॅनिशमधल्या गुस्तारचं (आवडणे) अगदी तसंच. स्पॅनिशच्या दोन भूतकाळांवर इंग्रजी बोलणारे महिनोन्‌महिने घालवतात, आपल्याकडे ‘आजीने सांगितलं’ आणि ‘आजी सांगायची’ हे लहानपणापासून तोंडात आहे, बहुतेक ठिकाणी तोच फरक. सब्जंक्टिव्हला, म्हणजे इच्छा वगैरे सांगतानाच्या क्रियापदाच्या रूपाला, घाबरायचं कारण नाही, ‘तू यावंस असं मला वाटतं’ मधलं ‘यावंस’ आठवा, ‘पाऊस पडो’ आठवा. उच्चारात त, द, र आपलेच आहेत.

हे दोन भूतकाळ मला माझ्या टीचरने शिकवले ते मी कधीच विसरणार नाही. ग्वाटेमालात 1960 ते 1996 यादवी युद्ध चाललं, 2 लाखांहून जास्त माणसं मेली किंवा बेपत्ता झाली, त्यात बहुतेक माया लोक. तिचं लहानपण त्यात गेलं. एक दिवस पुस्तक मिटून ती सांगायला लागली, आम्ही मक्याच्या शेतात झोपायचो, आई कंदील लावू द्यायची नाही, वडील रोज अंधार पडायच्या आत यायचे, हे सगळं एका काळात, आणि मग, एका रात्री ते आले नाहीत, इथे क्रियापद बदललं. ती थांबली आणि मला विचारलं, कळलं का. त्यानंतर त्या दोन भूतकाळांत माझा गोंधळ झालेला नाही. शाळा निवडताना टीचरला फीमधले किती पैसे मिळतात हे जरूर विचारा, शेलात टीचर्सनी मिळून चालवलेल्या शाळाही आहेत, मला तरी ते महत्त्वाचं वाटतं, कारण आपण जे विकत घेतो ते त्या बायकांचा वेळ आणि आयुष्य आहे.

रस्त्यावरची भाषा पुस्तकापेक्षा वेगळी आहे हे लक्षात ठेवून जा. मित्रमैत्रिणींत ‘तू’ म्हणायला ‘वोस’ चालतं आणि त्याची क्रियापदं वेगळी, बाकी ‘उस्तेद’ (आदरार्थी ‘तुम्ही’) घरातसुद्धा सर्रास, पुस्तकातलं स्पॅनिश ‘तू’ त्यामानाने कमी. स्पेनला पुढे जाणार असाल तर तिथलं ‘वोसोत्रोस’ (अनेकांसाठीचं ‘तुम्ही’) वेगळं शिकावं लागेल. आणि शेलाच्या आसपास खूप लोकांची मातृभाषा किचे किंवा माम आहे, देशात 22 माया भाषा आहेत. शेलाजवळच्या आल्मोलोंगा गावाच्या भाजीबाजारात मी दर आठवड्याला जायचे, तिथल्या बायकांची स्पॅनिश ही दुसरी भाषा, माझी तिसरी-चौथी, त्यामुळे दोघी छोट्या छोट्या स्पष्ट वाक्यांत बोलायचो, बाहेर बोलायची भीती तिथेच गेली.

साधारण तीन-चार महिन्यांनी मात्र सगळं अडतं. रोजचं भागतं म्हणून मेंदू नवीन काही घ्यायला तयार नसतो, चार जण एकत्र बोलत असले की तरीही निसटतं. मी तेव्हा ग्रामरचे तास कमी करून टीचरबरोबर रोज पेपरमधली एक बातमी वाचायला लागले, आणि संध्याकाळी वाचनालयात मुलांना गणित शिकवायला जायला लागले. स्पॅनिशमध्ये अपूर्णांक समजावायचा म्हणजे जीव जातो, पण अडलेली गाडी त्यानेच हलली.

राहायच्या मुदतीचं नीट बघा. टुरिस्ट म्हणून मिळणारे 90 दिवस ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वादोर आणि निकाराग्वा या चारही देशांत मिळून मोजतात, त्यामुळे शेजारी होंडुरासला जाऊन आलं म्हणून नव्याने सुरू होत नाहीत. मेक्सिको या चारांत येत नाही, आणि माझ्या पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा होता म्हणून तिथे, सान क्रिस्तोबालला जाणं सोपं झालं.

आता सांगलीत आहे. भाषा फार पटकन गंजते, म्हणून त्याच टीचरबरोबर व्हिडिओ कॉलवर तास चालू ठेवलेत, पैसे थेट तिला. आपण साडेअकरा तास पुढे आहोत, त्यामुळे माझे सकाळचे सात म्हणजे तिचे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसात, दोघींना जमतं. जायचं ठरवत असाल तर परत आल्यावर असे तास घ्याल का हे तिथून निघायच्या आधीच तुमच्या टीचरशी बोलून घ्या.