डोळ्यात थेंबसुद्धा न घालता केलेलं लेसर : माझे १,४३,९४० रुपये

हे सांगायची मला लाज वाटते. २९ वर्षं शाळेत गणित शिकवलं, घरचा हिशेब आजही मीच ठेवते, आणि माझ्याच सहीने एफडी मोडून मी हे पैसे नेऊन दिले. किती दिले ते तीन महिने घरात कोणाजवळ बोलले नव्हते. आता लिहिते आहे, कारण डोळ्यांच्या लेसरच्या नावाखाली ज्यांनी हे पैसे घेतले त्याच लोकांचं शिबिर शेजारच्या तालुक्यात लागणार असल्याचं परवा कळलं.

शिबिरं कशी असतात ते तुम्हाला माहीत आहे. ज्येष्ठ नागरिक संघाचा हॉल, मोफत तपासणी, चहा-बिस्किट, आणि मग "तुमचं जरा वेगळं दिसतंय, सेंटरला येऊन जा." मी गेले. तिथे २,५०० रुपये घेऊन ओसीटी, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचं स्कॅन, आणि पडद्याचा फोटो काढला. फोटोत मधोमध बारीक पिवळे ठिपके होते. "याला ड्रुसेन म्हणतात, मॅडम. मॅक्युला, म्हणजे पडद्याचा मधला भाग, खराब व्हायची ही सुरुवात. आत्ता लेसर केलं तर ठिपके विरघळतील. नाहीतर दोन वर्षांत मधली नजर गेलीच म्हणून समजा."

मधली नजर जाणं म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्या दादांना शेवटची सहा वर्षं समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नव्हता. दाराची चौकट दिसायची, कडेचा पंखा दिसायचा, पण चेहऱ्याच्या जागी राखाडी डाग. आवाज ऐकून ते मला ओळखायचे. त्यामुळे त्या खुर्चीत बसल्यावर मला पुढचं काही ऐकूच आलं नाही. मूर्ख म्हणा हवं तर, पण ज्याने घरात हे बघितलंय त्याने म्हणावं.

सहा सिटिंगचं पॅकेज १,६८,००० रुपयांचं, त्याच दिवशी नाव घातलं तर १,२६,०००. तिथल्या तिथे मोबाईलवरून २६,००० भरले. दुसऱ्या दिवशी एक लाखाची एफडी मोडली, व्याज बुडालं ते वेगळंच. शिवाय तीन महिन्यांच्या गोळ्या ८,९४० आणि निळा प्रकाश अडवणारा चष्मा ६,५०० रुपयांचा.

आता जे रोज रात्री आठवतं ते सांगते. २०१७ मध्ये माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आतला पडदा बघायचा तर आधी बाहुली मोठी करायचे थेंब घालतात, अर्धा-पाऊण तास डोळे मिटून बसवतात, आणि नंतर कितीतरी तास जवळचं अक्षर लागत नाही, हे मी स्वतः अनुभवलेलं आहे. या लेसरच्या वेळी एकही थेंब घातला नाही. हनुवटी टेकवली, लाल उजेड दिसला, एका डोळ्याला दोन मिनिटं, दुसऱ्याला दोन मिनिटं. समोर डॉक्टर नव्हते, कोट घातलेला एक मुलगा होता. आणि घरी येताना एसटीत बसून मी अख्खं वर्तमानपत्र वाचलं! ह्यांना आल्या आल्या सांगितलं, "बघा, किती सोपं असतं, काही त्रास नाही." तेव्हाच कळायला हवं होतं. एकदा नाही, चार सिटिंगला चार वेळा मी तशीच वाचत घरी आले.

पाचव्या सिटिंगच्या आधी मुलगा पुण्याहून आला होता. त्याने पावती बघितली. पावतीवर लेसर हा शब्दच नव्हता. 'नेत्र आरोग्य पॅकेज, रक्कम परत मिळणार नाही', एवढंच. त्याने मला मिरजेला रेटिनाच्या, म्हणजे पडद्याच्या, डॉक्टरांकडे नेलं. मिरज आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे. अख्खा जिल्हा दुखणं घेऊन तिकडे जातो, आणि मी मात्र चहा-बिस्किटांच्या हॉलमधून वाट धरली.

त्या डॉक्टरांनी थेंब घालून तासभर तपासलं. ठिपके खरे निघाले. आजारही खरा, पण अगदी सुरुवातीचा. या अवस्थेत लेसर करतच नाहीत, म्हणाले. करून बघितलंय जगाने. अमेरिकेत १,०५२ लोकांच्या एका डोळ्याला सौम्य लेसर दिलं आणि दुसरा डोळा तसाच ठेवला. पाच वर्षांनी दोन्ही बाजूंना शंभरातल्या साधारण वीस डोळ्यांची नजर सारखीच उतरलेली होती. २००६ साली हे छापून आलं. ठिपके लेसरने कमी होतात हे खरं आहे, नजर त्याने वाचत नाही. त्याच्या आधीच्या एका अभ्यासात, ज्यांचा एक डोळा आधीच गेलेला होता त्यांच्या चांगल्या डोळ्यात लेसरनंतर उलट नजर घालवणाऱ्या नव्या रक्तवाहिन्या जास्त उगवल्या. मला फसवणाऱ्यांनी अर्धं खरं सांगितलं होतं. धडधडीत खोटं बोलले असते तर मी तरी उठून आले असते.

गोळ्यांबद्दलही तेच. जीवनसत्त्वं आणि जस्ताच्या त्या गोळ्यांचा उपयोग आजार मधल्या अवस्थेत गेल्यावर असतो, माझ्या अवस्थेत त्यांनी फायदा होतो असं दिसलेलं नाही. पालेभाजी खा, रक्तदाब सांभाळा, आणि दर आठवड्याला चौकटींचा कागद एकेका डोळ्याने बघा. रेषा वाकड्या दिसल्या की थांबू नका, कारण तशा नव्या रक्तवाहिन्या उगवायला लागल्या तर डोळ्यात इंजेक्शन द्यायचं असतं आणि तिथे दिवस मोजावे लागतात. तो कागद फुकट मिळाला. तपासणीचे ७०० रुपये झाले.

पैसे मागायला गेलो तर काउंटरवरच्या मुलीने 'परत मिळणार नाही' या ओळीवर बोट ठेवलं. माझे रिपोर्ट मागितले, तर सर्व्हर बंद. रुग्णाने मागितल्यावर नोंदणीकृत डॉक्टरने ७२ तासांत कागद द्यायचे असतात, तेव्हा लेखी मागा आणि पोच घ्या. आधी डॉक्टरचा नोंदणी क्रमांक विचारा, तो मेडिकल कौन्सिलच्या साइटवर स्वतः शोधा. आमच्या पावतीवर क्रमांकच नव्हता.

पोलीस ठाण्यात दोन तास बाकावर बसवलं. "काकू, पैसे तुम्हीच दिले ना? कोणी जबरदस्ती केली का? मग हे दिवाणी आहे." मी म्हटलं, खोटं सांगून पैसे घेणं म्हणजे फसवणूक नाही का? तर म्हणे लेसर खोटं होतं याचं सर्टिफिकेट आणा. ते कोण देतं? आरोग्य कार्यालयात विचारा. आरोग्य कार्यालयात साहेबांनी विचारलं, तिथे खाटा आहेत का? नाहीत. मग नर्सिंग होमच्या नोंदणीत ते बसत नाही, आम्ही काय करणार? म्हणजे पलंग टाकला नाही की माणसाच्या डोळ्याशी काहीही खेळायला मोकळीक! सेंटरचं पत्रक दाखवलं, 'अंधत्वावर खात्रीचा उपाय' असं छापलेलं. १९५४ च्या जाहिरातींच्या कायद्यात ज्या आजारांवर असे दावे करायला बंदी आहे, त्या यादीत अंधत्व, मोतीबिंदू, काचबिंदू सगळं आहे. ते मी छापून नेलं होतं. तिसऱ्या कार्यालयातला कारकून म्हणाला, पत्रकात औषधाचं नाव नाही, मग आमच्याकडे कशाला आणलं? पाच खेपा झाल्या. मी ६८ वर्षांची आहे, जिने चढून जाते. तक्रार घेतो असं एकानेही म्हटलं नाही. अर्जावर शिक्का मागितला, तर "ठेवून जा" म्हणाले. ठेवून जाऊ नका. शिक्का मिळेपर्यंत टेबलासमोरून हलू नका.

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. पाच लाखांच्या आतल्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, पण दोन वर्षांच्या आत जावं लागतं. पावती, मोबाईलवरचे मेसेज, पत्रक, सगळं जपून ठेवा. "आजच भरा" म्हटलं की उठा. थेंब न घालता पडद्याचं लेसर करायला निघाले की उठा.

त्या दिवशी हॉलमध्ये माझ्या रांगेत जे होते त्यांची नावं संघाच्या वहीतून काढली आहेत. कालपर्यंत अकरा जणांशी फोनवर बोलले. अकरांपैकी सात जणांनी पैसे भरलेत, सगळ्यात जास्त एका काकांनी, २,१०,०००. त्यांनी अजून सुनेला सांगितलेलं नाही आणि मीही कोणाला सांगू नये म्हणून मला शपथ घातली. तक्रारीवर सही करायला आत्तापर्यंत दोघी तयार झाल्या आहेत.