गॅरेजच्या आत पार्सल: वर्षभराच्या वापरानंतर

खोका गॅरेजच्या आत पोहोचला, दार मात्र दुपारभर सताड उघडे राहिले आणि ॲपवर ‘डिलिव्हरी पूर्ण’ असे झळकत राहिले. जानेवारीत हा प्रकार घडला नसता, तर न्यू जर्सीतल्या आमच्या घरी वर्षभर वापरलेल्या, डिलिव्हरीवाल्याला गॅरेजचे दार उघडून पार्सल आत ठेवू देणाऱ्या या सेवेबद्दल मी बहुधा चार ओळींचे कौतुक लिहून मोकळा झालो असतो.

सेवा घेताना आमच्या घरात वाद झाला तो परक्या माणसाला आत घेण्यावरून. 2017 च्या नोव्हेंबरमध्ये ॲमेझॉनने 37 शहरांत थेट घराचे दार उघडून पार्सल आत ठेवण्याची ‘ॲमेझॉन की’ ही सेवा सुरू केली, तेव्हा कॅमेरा आणि स्मार्ट कुलपाच्या संचाची किंमत 249.99 डॉलरपासून होती, आणि थोड्याच दिवसांत राइनो सिक्युरिटी लॅब्ज या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी वायफायवरून त्या कॅमेऱ्याचे चित्र गोठवता येते हे दाखवून दिले होते. 2019 मध्ये वॉलमार्टने निवडक शहरांत थेट फ्रिजपर्यंत किराणा पोहोचवायला सुरुवात केली, तीही कर्मचाऱ्याच्या अंगावर कॅमेरा लावून. त्या मानाने गॅरेजपुरतीच परवानगी देणे मला सुरक्षित वाटले आणि स्वस्तही, कारण इंटरनेटला जोडलेला ओपनर, म्हणजे गॅरेजचे दार उघडणारे-मिटणारे यंत्र, आमच्याकडे आधीच होता.

वर्षभरानंतर माझे मत असे आहे की, भीती चोरीची नाही, घाईची आहे. आमच्याकडे येणारी मंडळी सज्जन आहेत. पण व्हॅन चालू ठेवून धावत येणारा माणूस खोका दाराच्या रेषेपासून वीतभर आत ठेवतो आणि पळतो. नेमके तिथेच, जमिनीपासून सहा इंचांच्या आत, दोन्ही बाजूंना सुरक्षेचे सेन्सर असतात. दाराखाली मुले सापडून झालेल्या मृत्यूंनंतर अमेरिकेत 1993 पासून तयार होणाऱ्या घरगुती ओपनरांना अडथळा ओळखण्याची अशी सोय सक्तीची आहे, आणि ती योग्यच आहे. मात्र त्या दोन सेन्सरमधला किरण अडला की दार दुरून दिलेला बंद होण्याचा हुकूम मानत नाही. त्या दिवशी शेल्फचा लांबलचक खोका नेमका किरणात आडवा पडला होता.

मग चॅटवरची लढाई सुरू झाली. डिलिव्हरीवाल्यांच्या मते पार्सल सुखरूप पोहोचले होते, तर ओपनरवाल्यांच्या मते सेन्सरने आपले काम चोख केले होते. दोघांचेही म्हणणे खरे होते आणि उघड्या दाराची जबाबदारी कोणाचीच नव्हती. बऱ्याच घासाघिशीनंतर पाच डॉलरचे क्रेडिट मिळाले. त्या दुपारी हीटर किती चालला असेल, हा हिशेब मी मुद्दाम केला नाही. दार बंद झाल्याची खूण मिळेपर्यंत डिलिव्हरी पूर्ण धरू नये, एवढी साधी मागणी मी तीनदा टाइप केली आणि तिन्ही वेळा तेच छापील उत्तर आले.

त्यानंतर मी गॅरेजच्या फरशीवर, दारापासून चार फूट आत, पिवळ्या टेपने एक चौकोन आखला आणि त्यात ठळक अक्षरांत ‘पॅकेज हिअर’ असे लिहिले. ज्या मार्गदर्शक सूचना ॲपमध्ये भरल्या होत्या त्या कोणी वाचल्याचे दिसले नाही, पण टेप मात्र जवळजवळ सगळे पाळतात. एवढ्या एका गोष्टीने माझे मत पुन्हा निम्मे बदलले. पावसात भिजलेले खोके आणि पायरीवरून गायब होणारी पार्सले हा विषय आता आमच्यापुरता संपला आहे.

मर्यादा मात्र नीट समजून घ्याव्यात. ही सोय सेवा देणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या व्हॅनपुरतीच असल्यामुळे पुण्याहून कुरियरने आलेला चकलीचा खोका बाहेर पायरीवरच भिजला. थंडीत किराणा गॅरेजमध्ये मागवू नये. आमची कोथिंबीर गोठून काळी पडली आणि तिच्या परताव्यासाठी फोटो मागितला गेला. गॅरेजमधून स्वयंपाकघरात उघडणारे दार, जे इथे कित्येक घरांत नुसते ओढून घेतात, ते आता रोज कुलूप लावून बंद ठेवावे लागते. सासूबाई नाशिकहून आल्या होत्या तेव्हा, त्या घरात एकट्या असताना दार आपोआप घरघरत वर जाऊ लागले की घाबरायच्या, म्हणून तेवढे महिने मी सेवा बंदच ठेवली होती. वर्गणी मात्र कापली जात होती.

यंदा वार्षिक वर्गणी भरलेली नाही. महिन्याच्या हिशेबाने थोडे जास्त पडते, पण मे ते सप्टेंबर पाहुणे असताना बंद ठेवता येते, आणि उरलेल्या महिन्यांत फक्त न गोठणाऱ्या वस्तू मागवायच्या असे आमच्याकडे ठरले आहे.