वेल्सच्या किल्ल्यातली शाळा, हर्णैच्या मशीनवाल्याने पाहिलेली

माझं हर्णै बंदरावर होड्यांची मशीनं दुरुस्त करायचं दुकान आहे आणि मी स्वतः दहावी दुसऱ्या खेपेला सुटलो. तरी गेलं वर्षभर दापोलीचे पालक शाळेची चौकशी करायला माझ्याकडे येतात, कारण माझी पुतणी वेल्समधल्या अटलांटिक कॉलेजात दोन वर्षं राहून आली. तिला आणायला भावाबरोबर मीही गेलो होतो. मे संपत आलेला, १ जूनच्या मासेमारी बंदीआधी इथे प्रत्येकाला शेवटची फेरी मारायची घाई, आणि दुकानात चार मशीनं उघडून पडलेली. गिऱ्हाइकांच्या शिव्या खाऊन गेलो. आता प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

नावात कॉलेज असलं तरी ही सोळा ते एकोणीस वयाच्या पोरांची शाळा आहे, म्हणजे आपली अकरावी-बारावी. कार्डिफहून टॅक्सीने गेलो. शेवटचा रस्ता दोन्हीकडच्या झुडपांच्या कुंपणांतून इतका अरुंद जातो की केळशीच्या आतल्या वाटा बऱ्या. डांबरावर मोठ्या अक्षरांत 'अराव' रंगवलेलं. वेल्श भाषेत त्याचा अर्थ हळू.

शाळा भरते ती सेंट डोनॅट्सच्या किल्ल्यात. स्ट्रॅडलिंग नावाच्या घराण्याकडे तो चारशेच्या वर वर्षं होता. १९२५ साली अमेरिकेतला वर्तमानपत्रांचा धनी विल्यम रँडॉल्फ हर्स्ट याने तो विकत घेतला, वीज आणली, न्हाणीघरं बांधली, वर ब्रॅडनस्टोकच्या जुन्या मठाचे भाग उतरवून इथे आणून बसवले. त्यावरून तेव्हा बराच गदारोळ झाला. एवढं करून तो इथे राहिला फार थोडा. म्हणजे मुंबईकराने गावचं घर दुरुस्त करावं आणि गणपतीलाच यावं, तसलाच प्रकार. पुढे अँटोनिन बेस या उद्योगपतीने १९६० मध्ये किल्ला घेऊन शाळेसाठी देऊन टाकला आणि १९६२ मध्ये शाळा सुरू झाली. कल्पना कर्ट हान यांची. हिटलरला विरोध केला म्हणून १९३३ मध्ये जर्मनी सोडावी लागलेले शिक्षक. निरनिराळ्या देशांची पोरं एका छपराखाली वाढली तर मोठेपणी एकमेकांवर बंदुका रोखायला कचरतील, असा त्यांचा हिशोब.

भाऊ किल्ल्याचे फोटो काढत राहिला. मी खाली समुद्राकडे गेलो.

खाली बोटी उतरवायचा उतार आणि बोटींच्या शेड आहेत. दोन्ही बाजूंना थरावर थर रचलेल्या चुनखडीचे कडे. आणि ओहोटी! आपल्याकडे मोठ्या उधाणालाही पाणी तीन-चार मीटर चढतं-उतरतं. ही ब्रिस्टलची खाडी, वर सेव्हर्न नदीच्या मुखाकडे हा फरक १४ मीटरपर्यंत जातो. सकाळी जिथे लाटा आपटत होत्या, तिथे दुपारी नुसते दगड.

या दगडांनीच या शाळेचं नाव केलं. पहिले मुख्याध्यापक डेस्मंड होअर नौदलातले रिअर अॅडमिरल, आणि धंद्याने इंजिनियर. मुलांसाठी हवेच्या रबरी होड्या ठेवल्या होत्या, पण गोट्यांवरून ओढून त्यांचे तळ झिजायचे, लाटेत होडी वाकायची. मग शाळेच्या शेडमध्येच पोरांना घेऊन खाली प्लायवूडचा तळ चिकटवून बघितला. करता करता त्यातून निघाली कडक तळाची, कडेला हवेचे फुगे असलेली बोट. तळ लाट कापतो, आणि आत पाणी भरलं तरी फुगे बुडू देत नाहीत. आपल्या तटरक्षक दलाच्या जहाजांवर असते तीच जात. ब्रिटनमधली समुद्रात बचाव करणारी आरएनएलआय ही संस्था १९७२ पासून 'अटलांटिक २१' नावाची बोट वापरू लागली. त्यातलं अटलांटिक म्हणजे हे कॉलेज. होअरसाहेबांनी हक्क एका पौंडाला दिले आणि तो चेकही वटवला नाही म्हणतात. मी साधा गॅस्केट फुकट देत नाही.

शाळेत आरएनएलआयचं बचाव केंद्रही होतं, आणि बोटीवर विद्यार्थी जायचे. मुलींना प्रवेश १९६७ पासून. दोनच वर्षांत नॉर्वेची १८ वर्षांची एक विद्यार्थिनी बचावबोटीची सूत्रं हाती घ्यायला पात्र ठरली. तिथे बायकांत तीच पहिली. आमच्या बंदरावर लिलावात बायकांपुढे कुणाचं चालत नाही, पण त्यांतली एकही तांडेल नाही. हे मी पुतणीला बोललो तर म्हणाली, "मग काका, तुम्ही मला मशीन कधी उघडू दिलंत?" मी विषय बदलला.

२०१३ मध्ये ते केंद्र बंद झालं. पाचातला एक गुण मी त्यापायी कापतो. बोटी अजून आहेत, पण भोंगा वाजला की वर्गातून उठून पळायचं, ते गेलं.

बाकीचं थोडक्यात. पोरं वसतिगृहात राहतात, एका खोलीत निरनिराळ्या देशांची. पुतणीच्या खोलीत चौघी होत्या, आणि खिडकी उघडी की बंद यावर पहिले दोन महिने महायुद्ध. अभ्यासक्रम इंटरनॅशनल बॅकलॉरिएट. १९६८ च्या सुमारास तो आकाराला आला त्यात या शाळेचा हात होता. ग्रंथालय उत्तम, जुन्या कोठाराचं नाटकघर त्याहून उत्तम. जेवणघर पाहून भाऊ गप्प झाला. जेवण ठीक. भात मिळतो, त्याला आपण भात म्हणू नये.

दापोलीकर मला पहिल्यांदा फी विचारतात. फी मोठी आहे, पण घरची ऐपत बघून मदत ठरते. अर्ज थेट वेल्सला नाही, भारतातल्या निवड समितीकडे करायचा. ही शाळा युनायटेड वर्ल्ड कॉलेजेस या संस्थेची, तिच्या जगभर १८ शाळा आहेत, त्यातली एक आपल्या मुळशीजवळ, १९९७ पासूनची. त्यामुळे वेल्सच मिळेल असं धरून बसू नका.

आणि स्वेटर तिकडे मिळतात, ते इथून भरून देऊ नका. वारा अडवेल असा रेनकोट मात्र द्या, तिथला पाऊस आडवा येतो. पुतणीने माझा बंदरावरचा पिवळा कोट नेला होता. येताना तो एका फिनलंडच्या पोरीला देऊन आली.