पायाला भिंगरी असलेल्या मुलासाठी: पोहणं की मल्लखांब?

मुलाचं एडीएचडीचं (लक्ष टिकवणं आणि एका जागी स्वस्थ बसणं जड जाण्याची अवस्था) निदान झालं, शाळेत बाईंना सांगून झालं, वर्तन-उपचार सुरू झाले, डॉक्टरांना गरज वाटली तर गोळीही सुरू झाली, की मग उरतो संध्याकाळचा प्रश्न. ‘त्याची एनर्जी कुठेतरी जिरू दे’ असं आजीपासून वॉचमनपर्यंत सगळे सांगतात. कुठे जिरवायची, ते मात्र आपलं आपल्यालाच ठरवावं लागतं.

क्रिकेट आणि कराटे मी विचारातून लवकर काढले. क्रिकेटमध्ये हा सीमारेषेवर उभा राहून घारी मोजणार आणि चेंडू शेजारून जाणार. कराटेचं आमच्या भागात जे पाहिलं त्यात रांगेत स्तब्ध उभं राहण्याचा भाग फार. उरले पोहणं आणि मल्लखांब. आम्ही दोन्ही केलं. व्यायामाने लक्ष थोडं सुधारतं असं डॉक्टर सांगतात, पण यातलं काहीही उपचाराला पर्याय नाही, हे गृहीत धरूनच पुढचं वाचा.

पोहण्याची शिफारस करणारे मायकेल फेल्प्सचं नाव घेतातच. नवव्या वर्षी निदान आणि पुढे ऑलिंपिकची 28 पदकं. पण सिमोन बाइल्सनेही 2016 मध्ये आपल्याला एडीएचडी असल्याचं उघडपणे सांगितलं होतं, आणि ती जिम्नॅस्ट, म्हणजे मल्लखांबाच्या भावकीतलीच. तेव्हा चॅम्पियनांच्या नावावर हा निकाल लागायचा नाही.

पाण्याचं एक मान्यच करायला हवं. आमचा मुलगा पाण्यात उतरला की दोन मिनिटांत त्याचा चेहरा सैल पडायचा. हातपाय सतत चालू, चारी बाजूंनी अंगावर दाब, आणि ‘एका जागी बस’ म्हणणारं कोणी नाही. तलावावरून आला की जेवायचा आणि पांघरूण ओढायच्या आत झोपायचा. झोपेचा प्रश्न ज्या घरात आहे, त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

सूचना मात्र पोचत नाहीत. सर काठावर, हा पाण्यात, कानावर टोपी, आणि बंदिस्त तलावात आवाज घुमतो तो वेगळाच. ‘पाय सरळ, मान खाली, आता श्वास’ यातलं पहिलं कानावर पडेपर्यंत हा तळाची फरशी बघायला गेलेला. तरी हे चाललं असतं. मुलं बघून बघूनही शिकतात.

माझं घोडं अडलं ते शिट्टीनंतर. बॅच संपली की पाण्यातून बाहेर यायचं, शॉवर घ्यायचा, अंग पुसायचं, कपडे घालायचे, टोपी, चष्मा, टॉवेल पिशवीत भरायचे आणि दारात यायचं. ज्या मुलाला एका कामातून दुसऱ्या कामात जाणं हेच मुळात जड जातं, त्याच्यापुढे तुम्ही अशी सात-आठ कामं ओळीने मांडता. तीही ओल्या फरशीवर, वीस ओरडणाऱ्या पोरांच्या गर्दीत. आमच्या तलावावर पालकांना कपडे बदलायच्या खोलीत प्रवेश नव्हता. मी जाळीच्या दाराबाहेर उभा. आतून एकामागून एक पोरं भांग पाडून बाहेर येताहेत आणि आमचे चिरंजीव टॉवेल गुंडाळून कुणाच्या तरी साबणाचा फेस किती होतो ते बघताहेत. बाहेर आला तर एका पायात मोजा, दुसऱ्याचा पत्ता नाही. रखवालदाराची बोलणी मला, माझी त्याला. पाण्याने मिळवून दिलेली शांतता घरी पोचायच्या आत खर्च व्हायची. पोहण्यात दोष असा नाही, पण रोज संध्याकाळ भांडणाने संपणार असेल तर त्या व्यायामाचा उपयोग काय, असं मला वाटू लागलं.

मल्लखांबाला हे लचांड नाही. घरूनच लंगोट आणि वर चड्डी घालून जायचं, तिथे चड्डी काढायची, संपलं की चढवायची, चप्पल घालायची, झालं. मुली बहुतेक ठिकाणी दोरीचा मल्लखांब करतात, त्यांचंही तेच.

खांबाची दुसरी खुबी पहिल्या अढीलाच कळते. हाताने खांब धरायचा, उडी मारून पाय वर घ्यायचे आणि मांड्यांच्या कैचीत खांब आवळायचा. लक्ष उडालं की पकड सैल होते आणि माणूस सुळकन खाली गादीवर. कोणी ओरडत नाही, खांबच सांगतो. ज्या पोराला ‘लक्ष दे’ हे दिवसातून शंभरदा ऐकून काही वाटेनासं झालंय, त्याला हे सांगणं बरोबर कळतं. शिवाय एक फेरी अर्ध्या मिनिटाची. उडी, अढी, एखादी पकड, उतरणं, सलामी. एवढा वेळ त्याचं चित्त टिकतं. पुढच्या फेरीला ते पुन्हा नव्याने गोळा करायचं. आणि सर हातभर अंतरावर उभे, मांडीवर टिचकी मारून ‘इथे आवळ’ म्हणणारे.

आता खोट. खांब एक आणि मुलं पंधरा असली तर रांग लागते, आणि रांग म्हणजे आपल्या मुलांचा शत्रू. पुढच्याला ढकलणार, गादीच्या कडा उचकटणार. आमच्या व्यायामशाळेत रांगेतल्या मुलांना जोर-बैठका किंवा दोरीवर लटकायला देतात, म्हणून निभावलं. जिथे मांडी घालून गप्प बसवतात तिथे कदाचित तलावच बरा. प्रवेश घेण्याआधी एक संध्याकाळ जाऊन खांबाकडे नाही, रांगेकडे बघा.

बाकी किरकोळ. खांबाला एरंडेल लावतात, त्याचे डाग कपड्यांवरून निघत नाहीत. सुरुवातीला मांड्या आणि काखेजवळची कातडी लाल होते. अंगाला काही चिकटलेलं, घासलेलं सहनच होत नाही अशी काही मुलं असतात, त्यांच्यावर हे लादू नये. पाणी त्यांना मानवेल. फी व्यायामशाळेची सहसा कमी.

मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीचं औषध घेणाऱ्या मुलांच्या पालकांना आणखी एक ठाऊक असेल. दुपारचा डबा तसाच परत येतो आणि गोळीचा अंमल उतरला की संध्याकाळी भूक खवळते. नेमकी तीच क्लासची वेळ. भरल्या पोटी दोन्ही नको, पण केळं-चिक्कीवर थोड्या वेळाने खांब जमतो. पाण्यात उतरायचं तर मी तेवढंही द्यायला धजत नसे.

एका बाबतीत मात्र पोहण्याला पर्याय नाही. आपली पोरं विचार करायच्या आधी उडी मारतात. गावी विहीर, नदी, समुद्र असेल तर पोहणं यायलाच हवं, आवडो न आवडो. म्हणून आम्ही वर्षभर मल्लखांब ठेवला आणि पोहणं मे महिन्यापुरतं. तेव्हा मी कपडे बदलायच्या खोलीचा नादच सोडतो. ओल्या चड्डीवर टॉवेल गुंडाळून स्कूटरवर बसवतो आणि अंघोळ घरी. सीटवर जुनं प्लॅस्टिक टाकायचं, एवढंच. सुट्टीच्या बॅचेस लवकर भरतात, तेव्हा फॉर्मची चौकशी मार्चमध्येच करून ठेवा.