स्लाइड शो की कणकुंबीची फेरी?

पर्यावरणावर काम करणाऱ्या मंडळींना शाळेत बोलवायचं असं एसडीएमसीच्या (म्हणजे शाळेच्या विकास-देखरेख समितीच्या) मीटिंगमध्ये ठरलं की पुढचा वाद ठरलेला: शाळेतच स्लाइड शो घ्यायचा की पोरांना रानात न्यायचं? आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या शाळेनं दोन्ही करून बघितलंय.

स्लाइड शो सोपा. तासाभरात सगळी शाळा बसते, खर्च जवळपास नाहीच, पालकांच्या सह्या गोळा करत फिरावं लागत नाही. भीमगडच्या रानातल्या बारापेडेच्या गुहांमधलं राउटनचं वटवाघूळ तर पडद्यावरच बघावं. गुहेत पोरांचा गोंगाट नको. १९१३ साली या जिवाची शास्त्रात नोंद झाली आणि कित्येक वर्षं तो या गुहांखेरीज जगात कुठंच माहीत नव्हता, हे ऐकून मागचा बाकसुद्धा गप्प झाला. तेवढ्यात लाईट गेली. पाहुण्यांनी पिशवीतून सावरीचं बोंड काढून फोडलं, वर्गभर कापूस. परीक्षेनंतरही पोरं त्या कापसाचंच बोलत होती.

फेरीचा खटाटोप मोठा. गाडीभाडं, डबे, सोबतीला शिक्षक. भीमगड अभयारण्यात शिरायचं तर वन खात्याची परवानगी आधी हातात हवी. पावसाळ्यात जाऊच नका, जळवांनी पोरं रडकुंडीला येतात. दिवाळी झाली की निघा.

पण कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी मलप्रभेचा उगम दाखवला, तिथं खरी मजा आली. हे पाणी पूर्वेला नविलुतीर्थाच्या धरणात, पुढं कृष्णेतून बंगालच्या उपसागरात. आणि आपल्याच तालुक्यातली म्हादई पश्चिमेला गोव्यात उतरून मांडवी होते, अरबी समुद्र गाठते. सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "मग मधल्या डोंगरावर पडलेल्या थेंबानं कुठं जायचं?" पाहुण्यांनी तिची वही उघडून पालथी धरली आणि कण्यावर बाटलीतलं पाणी ओतलं. वही वाया गेली, उत्तर मिळालं.

तेव्हा चौथीपर्यंत स्लाइड शो पुरे, सहावी-सातवीला फेरीच. (बेळगावातल्या शाळांना गणपतीआधी शाडूच्या मूर्तींची कार्यशाळाही मागता येईल, पण ती घरी मूर्ती शाडूचीच येणार असेल तरच.) बोलवण्याआधी एक विचारून घ्या: येणारा माणूस मराठीत बोलणार ना? कन्नड पोस्टर पोरं वाचतात, पण शंका मराठीतच विचारतात. आणि भाड्याचे पैसे जमले नाहीत तर पाहुण्यांना गावच्या नाल्यावर न्या, सोबत एक जुनी वही घेऊन.