ह्यूमन लायब्ररी: विचारायला उत्तम, वाद घालायला अपुरी

ह्यूमन लायब्ररीत कपाटं नसतात. एका फलकावर शीर्षकांची यादी असते: 'निर्वासित', 'अंध', 'धर्मांतरित', 'बेघर', 'ट्रान्सजेंडर'. त्यातलं एक निवडायचं, ग्रंथपालाकडे नाव नोंदवायचं, की त्या शीर्षकाचा माणूसच समोर येऊन बसतो. साधारण अर्धा तास प्रश्न तुम्ही विचारायचे, उत्तरं त्याने द्यायची. वेळ संपली की 'पुस्तक' परत करायचं, घेतलं तेव्हा होतं त्याच अवस्थेत. फोटो नाही, रेकॉर्डिंग नाही. परत करण्याचा नियम ऐकायला गमतीचा वाटतो, पण सगळी सेवा त्याच्यावरच उभी आहे. न दुखावता विचारण्याची जबाबदारी तो वाचकावर टाकतो आणि तरीही काय हवं ते विचारायची मुभा देतो.

2000 साली डेन्मार्कमधल्या रॉस्किल्ड संगीत महोत्सवात रॉनी आबेर्गेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हा प्रयोग पहिल्यांदा केला. चार दिवस, रोज आठ तास, पन्नासच्या वर शीर्षकं, हजारावर वाचक. आता 80हून जास्त देशांत हे कार्यक्रम झाले आहेत. सेवा मुळात अशी: पुस्तकं स्वयंसेवक असतात, त्यांची निवड आणि तयारी करून घेतली जाते, आणि एखादा प्रश्न नको असेल तर सरळ नाही म्हणायचा किंवा बैठकच थांबवायचा अधिकार त्यांना असतो.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. दुसऱ्याची जात-धर्म-वंश, शरीर, लैंगिकता, श्रद्धा यांबद्दल मनात असलेले पण संकोचाने गिळलेले प्रश्न विचारायला याहून सोपी सोय आम्हाला माहीत नाही. पण दोघांची मतं खरोखर आमनेसामने येतात तेव्हा पुढे काय करायचं, हे इथे शिकायला मिळत नाही. लायब्ररीने तसा दावाही केलेला नाही. अनेक शाळा-कंपन्या मात्र 'आमच्याकडे माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, वाद चिघळलेत' म्हणून तिलाच बोलावतात, आणि तिथे अपेक्षाभंग होतो.

आधी जमेची बाजू. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्टने 1954मध्येच मांडलं होतं की, दोन गटांतली माणसं नुसती एकत्र आणून पूर्वग्रह कमी होत नाहीत; बरोबरीचं स्थान, समान उद्दिष्ट, सहकार्य आणि वरिष्ठांचा पाठिंबा असेल तर भेट कामी येते. पुढे 2006मध्ये पेटिग्र्यू आणि ट्रॉप या मानसशास्त्रज्ञांनी 515 अभ्यास एकत्र तपासले. संपर्काने पूर्वग्रह सहसा कमी होतो, चारही अटी पुऱ्या नसल्या तरी होतो, आणि अटी पुऱ्या असतील तर जास्त होतो, असं त्यातून दिसलं. ह्यूमन लायब्ररीत वाचक आपण होऊन येतो, पुस्तकही आपण होऊन येतं, आणि यजमान संस्थेचा दोघांनाही पाठिंबा असतो. एरवी 'विचारलं तर त्यांना वाईट वाटेल' म्हणून जे बोलणं राहून जातं, ते इथे पहिल्या मिनिटाला सुरू होऊ शकतं.

'होऊ शकतं' असं म्हणायचं कारण, बैठक बिघडते ती बहुतेक वेळा प्रश्नाच्या घडणीमुळे. एक नमुना बघा: 'तुमच्या समाजात बायकांना असं का वागवतात?' समोरचा माणूस आता एकटा राहिला नाही, अख्ख्या समाजाचा वकील झाला. शिवाय प्रश्नात निकाल आधीच लावलेला आहे. तो एक तर बचाव करील, नाही तर पाठ केलेलं वाक्य म्हणेल. हीच उत्सुकता अशी मांडता येते: 'तुमच्या घरी मोठे निर्णय कोण घेतं? त्यातलं तुम्हाला न पटणारं काही आहे का?' आता उत्तर त्याच्या घरातून येणार. आणि दुसऱ्या वाक्याने त्याला आपल्याच माणसांशी असहमत व्हायची जागा मिळाली. आपला गट सोडून इतर सगळे गट एकजिनसी आहेत, ही समजूत मोडायला तेवढी फट पुरते.

दुसरी अडचण अनुभवी पुस्तकांची. तीच हकिकत दहा-वीस वाचकांना सांगून तिला टाकसाळीतल्या नाण्याची सफाई येते: पहिला धक्का, मग संघर्ष, मग स्वीकार, शेवटी छानसं वाक्य. वाचक भारावतो आणि गप्प बसतो. यातून बाहेर यायचं तर 'का' आणि 'कसं वाटलं' सोडून 'कधी' आणि 'कोण' विचारावं. 'पहिल्यांदा कुणाला सांगितलंत? तेव्हा खोलीत आणखी कोण होतं? ती व्यक्ती लगेच काय म्हणाली?' पाठांतर अशा तपशिलापाशी अडखळतं आणि माणूस आठवायला लागतो. मग काही सेकंद शांतता येईल, ती भरू नका. आमचा आवडता प्रश्न आणखी एक आहे: 'लोक सारखा कोणता प्रश्न विचारतात, की ज्याचा तुम्हाला कंटाळा आला आहे?' याने वाचकाला स्वतःचीच यादी तपासावी लागते.

एका पुस्तकासमोर एक वाचक बसवायचा की चार-पाच? गटात लाजाळू वाचकाला आधार मिळतो, पण एक बोलका निघाला की बाकीचे श्रोते होतात, आणि सगळ्यांत अवघड प्रश्न कुणीच विचारत नाही. निवड असेल तर एकट्याने बसा. गटच असेल तर ग्रंथपालाने प्रत्येकाचा पहिला प्रश्न चिठ्ठीवर आधी लिहून घ्यावा.

आयोजकांसाठी हिशेब. तीन तासांच्या कार्यक्रमात अर्ध्या तासाची बैठक आणि दहा मिनिटं विश्रांती धरली तर एका पुस्तकाच्या चार बैठका होतात. त्यावर जाऊ नये. पाचव्या बैठकीत उत्तरं तुटक होतात, आणि स्वतःच्या आयुष्यातलं सर्वांत दुखरं प्रकरण दिवसातून पाचदा उघडायला लावणं बरंही नाही. म्हणजे 12 पुस्तकं असतील तर एकास एक अशा 48 बैठका. शंभर जणांना निमंत्रण देऊन ठेवलं असेल तर निम्मे हात हलवत परततील. एक-दोन पुस्तकं ऐन वेळी येत नाहीत, ती गृहीत धरून राखीव ठेवा. पाच-सहा पुस्तकांमागे एक ग्रंथपाल हवाच, आणि त्याचं खरं काम नोंदणीचं नसून नजर ठेवण्याचं आहे. पुस्तकाने ठरलेली खूण करताच, समजा टेबलावरचं कार्ड पालथं ठेवताच, त्याने 'वेळ झाली' म्हणत बैठक थांबवायची, कारण विचारत बसायचं नाही. टेबलांमध्ये अडीच-तीन मीटर अंतर ठेवा. शेजारचं ऐकू यायला लागलं की दोन्हीकडचं बोलणं जपून होतं. पुस्तकांना बसायला वाचकांपासून वेगळी खोली द्या. नाव वापरायचं असेल तर कोपनहेगनच्या मूळ संस्थेची परवानगी लागते. ती नको असेल तर पद्धत घ्या, नाव दुसरं ठेवा.

शीर्षकं हा सर्वांत बिघडणारा भाग. ती मुद्दाम रोखठोक असायला हवीत, लोकांच्या तोंडी असतात तशीच, कारण वाचकाच्या मनातल्या शिक्क्याला हात घालायचा असतो. आयोजकांना मात्र सभ्यपणाचा उमाळा येतो आणि 'बेघर'चं 'जिद्दीची वाटचाल' होतं. असं पुस्तक सगळे कौतुकाने वाचतात आणि कुणाचा शिक्का हलत नाही. उलट टोकाला, शीर्षक दुसऱ्याने लादलं तर माणूस स्वतःच्याच ओळखीत कोंडला जातो. म्हणून शब्द पुस्तकाचे, रोखठोकपणाचा आग्रह आयोजकाचा.

फलकावर कोण नाही हेही पाहा. अल्पसंख्य, अपंग, आजारी, पीडित एवढेच असतील तर ते प्रदर्शन झालं: 'नॉर्मल' माणसांनी येऊन 'वेगळी' माणसं पाहायची. 'कडवा परंपरावादी', 'नास्तिक', 'पोलीस', 'गर्भश्रीमंत', 'स्थलांतराला विरोध करणारा' ही शीर्षकं बहुतेक फलकांवर दिसत नाहीत. जो पूर्वग्रह सुशिक्षित वाचक उजळ माथ्याने मिरवतो, त्याला तिथे धक्काच बसत नाही.

मतभेदापाशी गाडी अडते ती इथेच. लायब्ररीची रचना एकतर्फी आहे. पुस्तकाने आपलं आयुष्य टेबलावर ठेवायचं, वाचकाने काहीच ठेवायचं नाही. 'तुमचं ऐकलं, तरी मला पटलेलं नाही' असं म्हणायची रीत तिथे नाही. वाचक तोंडावर गोड बोलतो, अभिप्रायात 'खूप शिकायला मिळालं' लिहितो आणि मत जसंच्या तसं घेऊन घरी जातो. ब्रूकमन आणि काला या राज्यशास्त्रज्ञांचा 2016चा अभ्यास इथे आठवावा. दारावर जाऊन केलेल्या साधारण दहा मिनिटांच्या संभाषणाने ट्रान्सजेंडर व्यक्तींबद्दलचा पूर्वग्रह कमी झाला आणि तो परिणाम किमान तीन महिने टिकला. त्याच दोघांच्या पुढच्या प्रयोगांत दिसलं की, नुसते मुद्दे मांडून असा फरक पडला नाही. निवाडा न करता अनुभवांची देवाणघेवाण झाली तेव्हाच पडला. लायब्ररीत देवाण आहे, घेवाण नाही.

दुरुस्ती अवघड नाही. अर्ध्या तासातली शेवटची आठ मिनिटं उलटी करावीत. पुस्तकाने वाचकाला विचारावं: 'माझ्यासारख्यांबद्दल तुम्ही पहिल्यांदा कुठे ऐकलंत? कुणी सांगितलं?' आणि मग: 'आजही न पटलेलं काय उरलं?' यासाठी पुस्तकाची आधी संमती आणि वेगळा सराव हवा. ज्याची जखम ओली आहे त्याला या भागात बसवू नये.

एवढ्याने भागत नसेल, म्हणजे दोन गट खरोखरच समोरासमोर उभे असतील, तर साधनच बदला. अमेरिकेत 2016च्या निवडणुकीनंतर सुरू झालेल्या ब्रेव्हर एंजल्स या उपक्रमाच्या कार्यशाळा कौटुंबिक समुपदेशक बिल डोहर्टी यांनी बेतल्या. त्यातला एक सराव कुठल्याही ओळखीच्या वादाला लावता येतो. दोन्ही गट वेगळ्या खोल्यांत जातात. 'समोरचे आपल्याबद्दल काय समजतात' याची यादी करतात. प्रत्येक समजुतीपुढे आधी लिहायचं, खरं काय आहे. मग लिहायचं, या समजुतीत तथ्याचा काही अंश आहे का. नंतर एकत्र येऊन वाचून दाखवायचं. दुसरा रकाना हा सगळ्या सरावाचा जीव आहे. 'आमच्यातले काही जण खरंच असं बोलतात' ही कबुली समोरच्याने ओढून काढली तर भांडण होतं. आपल्या तोंडून आली तर समोरच्यांचे खांदे सैल पडतात. दोन्हीकडची संख्या सारखी हवी, चर्चा चालवणारे दोन हवेत, आणि तीन तासांहून कमी वेळात हे उरकायला जाऊ नये.

सोबत मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सने सुचवलेला नियम ठेवा: समोरच्याचं म्हणणं त्याचं समाधान होईल असं मांडून दाखवल्याशिवाय आपलं बोलायचं नाही. लोक इथे हमखास घसरतात. 'म्हणजे तुमच्या मते आम्ही सगळे मागासलेले', हा सारांश नव्हे, टोमणा आहे. 'तुमची भीती अशी आहे की पुढच्या पिढीला ही भाषा येणार नाही, आणि त्याला आमचा आग्रह कारणीभूत आहे, बरोबर?' याला समोरचा 'हो, पण थोडं वेगळं' म्हणतो आणि गाठ सुटायला लागते. पहिल्या प्रयत्नात 'हो' क्वचितच मिळतं; दोन-तीन फेऱ्यांचा वेळ धरा.

दोन्ही साधनांना एक मर्यादा आहे. जिथे एका बाजूच्या हक्कांचाच निकाल लागायचा आहे, तिथे खुर्च्या सारख्या मांडल्या तरी डाव सारखा नसतो. एकासाठी ती संध्याकाळची चर्चा, दुसऱ्यासाठी घर किंवा नोकरीचा प्रश्न. अशा वेळी संवादाचा कार्यक्रम हा तक्रार निवारणाला पर्याय म्हणून वापरला जात असेल, तर पुस्तक व्हायला नकार द्यावा.

ऑनलाइन बैठकीबद्दल थोडक्यात: दूरचं पुस्तक मिळतं हा फायदा, पण शांतता पडली की 'आवाज येतोय ना?' सुरू होतं. शिवाय कॅमेऱ्याबाहेर कोण ऐकतंय ते कळत नाही. हेडफोनची अट घाला आणि कॅमेरा एकदा खोलीभर फिरवायला सांगा.

वाचक म्हणून जाणार असाल तर ज्या शीर्षकाबद्दल कौतुक आहे ते घेऊ नका, ज्याने कपाळावर आठी पडते ते घ्या. आयोजक असाल तर बाहेर पडताना 'अनुभव कसा वाटला' विचारणारा फॉर्म फाडून टाका, तिथे सगळे पाचपैकी पाच देतात. आत येतानाच शीर्षक वाचून सुचणारे तीन शब्द लिहून घ्या, आणि महिनाभराने त्याच वाचकाला तेच शीर्षक पाठवून पुन्हा तीन शब्द मागवा. पहिल्या वेळचे शब्द मात्र त्याला दाखवू नका.