संदर्भ विभागातील आठ दिवस आणि रॉबर्ट स्मॉल्स यांची विधिमंडळातील वर्षे

आमच्या शाळेत दहावीच्या विद्यार्थ्यांपुढे रॉबर्ट स्मॉल्स या अमेरिकन लोकप्रतिनिधीवर बोलायचे ठरले, तेव्हा साताऱ्यातील आमच्या पेठेतल्या वाचनालयाच्या संदर्भ विभागात मी सलग आठ दिवस जाऊन बसलो. तेथे मिळालेल्या सेवेबद्दल इतरांनाही कळावे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मी गेलो तेव्हा माझ्याजवळ एका रात्रीचीच गोष्ट होती. १८३९ साली अमेरिकेच्या साउथ कॅरोलिना राज्यातील ब्यूफोर्ट येथे गुलाम म्हणून जन्मलेले स्मॉल्स १३ मे १८६२ च्या पहाटे, गोरे अधिकारी किनाऱ्यावर गेलेले असताना, अमेरिकेच्या यादवी युद्धातील बंडखोर दक्षिणेचे ‘प्लँटर’ हे जहाज चार्ल्स्टन बंदरातून घेऊन निघाले. कप्तानाची गवती टोपी डोक्यावर घालून, किल्ल्यासमोरून जाताना शिट्टीचे ठरलेले इशारे देत, त्यांनी पत्नी-मुलांसह ते उत्तरेच्या आरमाराच्या हवाली केले. ही गोष्ट सांगितली की व्याख्यान पुरे होईल, अशी माझी समजूत होती.

ग्रंथपाल बाईंनी माझे टिपण शांतपणे वाचले आणि विचारले, “सर, जहाजाची गोष्ट मुलांना आवडेलच; पण निवडून आल्यावर हा माणूस सभागृहात काय करत होता, तेही सांगाल ना?” मग त्यांनी कपाटातून दोन जाड इंग्रजी खंड काढले, सूचीतील नावापुढचे पृष्ठांक पाहून प्रत्येक पानात कागदाची पट्टी घातली, आणि देवघेवीच्या एका जुन्या कार्डाच्या पाठीवर पेन्सिलीने दोन रकाने आखले: डावीकडे तिकडची साले, उजवीकडे आपली.

खरे काम त्या कार्डाने केले. डावीकडे १८६८ होते. त्या वर्षी राज्याची नवी घटना तयार करणाऱ्या परिषदेत स्मॉल्स यांनी सर्व थरांतील मुलांना विनामूल्य खुल्या असणाऱ्या सार्वजनिक शाळांचा ठराव मांडला. ते स्वतः प्रौढ वयात, युद्धकाळात लिहा-वाचायला शिकले होते, हे लक्षात घेतले की त्या ठरावाचे मोल कळते. त्याच वर्षी ते राज्याच्या कनिष्ठ सभागृहात निवडून गेले आणि १८७० पासून राज्याच्याच सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, बसू लागले. ते सिनेटमध्ये असताना, १८७३ साली, मूळचे आपल्याच जिल्ह्यातील कटगुणच्या घराण्यातले जोतीराव फुले गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना ‘गुलामगिरी’ अर्पण करत होते. बाईंनी ही दोन साले शेजारी-शेजारी लिहिली होती. मी वीस वर्षे इतिहास शिकवतो, पण ती अशी एकत्र कधी पाहिली नव्हती.

पुढचा भाग कठीण आहे, आणि तोही त्यांनी टाळू दिला नाही. स्मॉल्स पाच वेळा अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात गेले. मधल्या काळात, १८७७ मध्ये, लाच घेतल्याच्या आरोपावरून त्यांना शिक्षा झाली आणि १८७९ मध्ये माफी मिळाली. दक्षिणेत गोऱ्यांची सत्ता परत येत असताना चाललेला तो खटला राजकीय होता, असे माझे मत झाले आहे. १८९५ मध्ये कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढून घेणाऱ्या राज्याच्या नव्या घटनेवर सही करण्यास त्यांनी नकार दिला. ज्या मालकाच्या घरामागील झोपडीत त्यांचा जन्म झाला, तेच घर करथकबाकीच्या विक्रीत विकत घेऊन ते तेथे राहिले होते. त्यांचे निधन १९१५ साली ब्यूफोर्टमध्येच झाले.

सेवेतील उणीव एकच, पण ती त्रासाची आहे. खंडांची बांधणी घट्ट असल्याने पान पूर्ण उघडत नाही आणि झेरॉक्समध्ये आतल्या बाजूचे शब्द काळ्या पट्ट्यात जातात. १८६८ चा शेवटचा आकडा मला घरी वाचताच येईना आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे लागले. शिवाय दुपारी एक ते चार विभाग बंद असतो, त्यामुळे नोकरदाराला संध्याकाळचाच काय तो वेळ मिळतो. महत्त्वाची साले तिथेच हाताने उतरवून घ्यावीत. वर्गणीदार नसलेल्यालाही बसून वाचता येते. फक्त विषय आदल्या दिवशी सांगून ठेवावा, म्हणजे पट्ट्या घातलेले खंड टेबलावर तयार मिळतात.